चिंचेच्या बरणीची जागा

माझ्या नणंदेशी, अंबुजाक्काशी, सदतीस वर्षांत माझी जितकी भांडणं झाली, त्यातली निम्मी तरी एका चिंचेच्या बरणीवरून झाली असतील. चिनीमातीची बरणी, गॅसच्या उजव्या हाताची फळी, भिंतीपासून एक वीत. मी घाईत चिंच काढायची आणि बरणी परत ठेवायची ती दोन वीत. की झालं! "वसूऽऽ! कोणी हलवली बरणी?" घरात माणसं चार. त्यातले दोघे पुरुष, त्यांना घरात बरणी आहे हेच ठाऊक नाही. मग कोणी हलवली हे विचारायची गरज होती का? पण विचारायचीच. रोज.

अक्काला दिसत नाही. आठव्या वर्षी ताप आला, त्यात डोळे गेले ते गेलेच. आज ती सहासष्ट वर्षांची आहे. लग्न झालं नाही. धाकट्या भावाच्या घरी राहिली, आणि त्या भावाची बायको मी. तंजावूरच्या मेलवीदीत आमचं घर आहे, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे परसू. पुण्याकडून कोणी मोठं देऊळ बघायला आलं आणि आमचं बोलणं कानावर पडलं की फिदीफिदी हसतात. हसा बापडे. साडेतीनशे वर्षं इथे राहून निम्मं तमिळ झालंय आमचं बोलणं. पण भांडायला आम्हाला अजून मराठीच लागते.

मी पापनाशमची. लग्न होऊन आले तेव्हा तेवीस वर्षांची, आणि मनात काय, तर बिचाऱ्या आंधळ्या नणंदेला आपण सांभाळायचं! तिसऱ्या दिवशी तिला कॉफी नेऊन दिली. तिने पेला हातात घेतला, एकदा फिरवला आणि परत माझ्या हातात ठेवला. "हा सांबशिवाचा. माझा आण." सांबशिव म्हणजे आमचे हे. सहा पेले एकाच दुकानातले, एकाच दिवशी घेतलेले. मी डोळे फाडून बघितलं, मला काही फरक दिसेना. "त्याच्या काठाला बारीक दात पडलाय," म्हणाली, "माझ्या पेल्याचं बूड जरा डुगडुगतं. कॉफी गार होतेय, जा ना ग."

इकडे नवं भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव ठोकून घेतात, ठिपक्या-ठिपक्यांनी. माझ्या आईने दिलेली भांडी अक्काने पहिल्याच दिवशी मांडीवर घेऊन अंगठ्याने चाचपली होती. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा येणार. तर म्हणाली, "नाव ठोकणाऱ्याचा हात चांगला होता ग. एक ठिपका हललेला नाही." त्या दिवसापासून मला ती आवडायला लागली असावी. कबूल मात्र मी कधी केलं नाही.

दिवाळीच्या दुपारी आमच्या घरी एक खेळ असायचा. माझा मुलगा कार्तिकेय लहान होता तेव्हा त्यानेच काढलेला. टोपलीत घरातल्या दहा वस्तू टाकायच्या, वर टॉवेल, आणि डोळे बांधून एकेक वस्तू ओळखायची. मी चकलीच्या सोऱ्याची चकती हातात घेऊन बाटलीचं झाकण म्हणून सांगितलं. ह्यांनी तर कमाल केली! स्वतःच्या चष्म्याचं घर हातात धरून पाच मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "साबणाचा डबा." अक्का हसून हसून भिंतीला टेकली. तिच्या हातात वस्तू यायची आणि नाव बाहेर पडायचं, मध्ये श्वास घेण्याइतकाही वेळ नाही.

"तुम्ही लोक चिमटीत धरता," ती म्हणायची. "कडेकडेने बोटं फिरवत बसता, जसं काही चित्र काढायचंय. मुठीत घ्या. उचला. जड आहे का बघा, गार आहे का बघा. मग ती वस्तू आपण होऊन सांगते." आम्ही मान डोलवायचो आणि पुढच्या दिवाळीला परत चिमटीतच धरायचो.

सहा वर्षांपूर्वी हे गेले. तालुका कचेरीतून निवृत्त होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. शेवटच्या दिवसांत बोलणं फार नव्हतं, पण एकदा माझा हात धरून म्हणाले, "अंबूला कुठे पाठवू नकोस." मी म्हटलं, "वेडे आहात का? मी कशाला पाठवू?" तेवढंच. पण ते मी गाठीला बांधून ठेवलं.

कार्तिकेय बंगळूरला नोकरीला असतो. चौदाव्या मजल्यावर राहतो. मुलगा वाईट नाही, रोज फोन करतो. पण दोन वर्षांपासून त्याचं एकच पालुपद चाललं होतं. "अम्मा, तू इकडे ये. आत्यासाठी मी एक होम बघून ठेवलंय, कोइमतूरजवळ. फार चांगलं आहे. तिथे सगळे तिच्यासारखेच." तिच्यासारखे म्हणे! तिच्यासारखं कोण आहे जगात? मी दर वेळी सांगायची, माझे हातपाय आणि डोळे धड आहेत तोवर आम्ही दोघी इथेच राहणार. तो म्हणायचा, "ठीक आहे, तोवर."

आणि नेमके माझे डोळेच गेले बघा.

एकदम नाही. आधी जिन्याच्या कडा दिसेनात, मग बाजूने येणारी स्कूटर. मग दारापुढचं कोलम, म्हणजे तुमची रांगोळी, वाकडं यायला लागलं. अहो, चाळीस वर्षं मी रोज कोलम काढलंय, माझी रेघ कधी हलली नव्हती. समोरच्या राजमने विचारलं, "काय मामी, हात थरथरतो का?" मी म्हटलं, गुडघा दुखतो, वाकवत नाही. कामवालीला काढायला सांगितलं आणि पुडीचा डबा उचलून स्वयंपाकघरात खालच्या फळीवर ढकलून दिला, डोळ्यासमोर नको म्हणून. मग एकटीच बस धरून डॉक्टरकडे गेले. काचबिंदू. उजवा डोळा संपला, डाव्यात किल्लीच्या भोकाएवढं उरलंय. "गेलं ते येणार नाही. थेंब घाला म्हणजे आहे ते राहील," डॉक्टर म्हणाला. "कोणाला बरोबर का नाही आणलंत?" कार्तिकेयला कळलं की घराला कुलूप लागणार, मी चौदाव्या मजल्यावर आणि अक्का कोइमतूरला. त्या होममधले लोक चांगले असतीलही हो. पण तिथला एक पेला, एक उंबरा तिच्या ओळखीचा नसणार. या वयात तिने परत पहिल्यापासून चाचपायचं?

म्हणून मी गप्प बसले. थेंबांची बाटली पोलक्यात लपवली. तीन महिने कोणालाही पत्ता लागू दिला नाही, असं मला वाटत होतं.

एका दुपारी आम्ही दोघी परसात शेवग्याचा पाला निवडत होतो. मध्येच अक्का म्हणाली, "वसू, तुला दिसेनासं झालंय का ग?"

माझ्या हातातली डहाळी खाली पडली. "काहीतरीच काय अक्का!"

"तीन महिने चिंचेची बरणी जागेवर आहे," ती म्हणाली. "मीठ जागेवर, विळी जागेवर. अस्कं जागेवर." अस्कं म्हणजे सगळं, आमच्याकडे तसंच म्हणतात. "सदतीस वर्षं ओरडून जे झालं नाही, ते आपोआप कसं झालं? आणि भांडं ठेवायच्या आधी तू फळी चाचपतेस. तो आवाज मी ओळखते ग. माझाच आहे तो."

मी रडले. तीन महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. अक्काने पाला बाजूला सारला, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि थोपटत बसली. मग म्हणाली, "रडून झालं की आत चल. आधी डाळी शिकवते."

तेव्हापासून माझी शाळा सुरू झाली. रोज दुपारी डोळ्यांवर टॉवेल. तूर आणि हरभरा, साखर आणि रवा, धने आणि मिरी. मी चिमटीत धरलं की हातावर चापट. "मूठ! मूठ!" सहासष्ट वर्षांची मास्तरीण आणि साठ वर्षांची ढ विद्यार्थिनी. डबे मात्र उघडावे लागत नसत. बिस्किटांचा वाकलेला पत्र्याचा डबा म्हणजे साखर, रुंद तोंडाची काचेची बाटली म्हणजे मीठ, कडी तुटलेला डबा म्हणजे तूरडाळ. महिनाभरात मला त्या फळीवरून नुसता हात फिरवला की सगळं घर सापडायला लागलं. मी म्हटलं, अक्का, आता येऊ दे कार्तिकेयला, कळणारसुद्धा नाही.

तो आलाच, बायकोला घेऊन. ह्यांची तिथी होती. सून लक्ष्मीप्रिया जिवाची चांगली आहे, तिला नावं ठेवली तर माझी जीभ झडेल. पण त्या पोरीने काय करावं? तिथीच्या आदल्या संध्याकाळी मी आणि अक्का प्रदोषाला देवळात गेलो होतो. परत येतो तो घरात दोघं हसतमुखाने उभी. "अम्मा, आत या ना! तुमच्यासाठी सरप्राइज!"

वीस नवे डबे. सगळे एका मापाचे, एका झाकणाचे, प्लॅस्टिकचे, गुळगुळीत. प्रत्येकावर सुबक अक्षरात चिठ्ठी. जुने डबे-बाटल्या पोत्यात भरून परसात, सकाळी भंगारवाला नेणार. आणि चिंचेची बरणी? ती हॉलमध्ये टीव्हीशेजारी. तिच्यात मोरपिसं! "किती अँटिक आहे, अम्मा! आत कशाला लपवून ठेवलीत?"

अक्का सरळ स्वयंपाकघरात गेली, सवयीने फळीकडे हात नेला. हात एका डब्यावरून दुसऱ्यावर गेला, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मग तिथेच थांबला. त्या घरात तिचा हात असा वाट चुकलेला मी कधी पाहिला नव्हता.

"वसू," ती हळूच म्हणाली, "मीठ कुठे आहे ग?"

आणि मला सांगता येईना. मी तिच्या शेजारी उभी होते, चिठ्ठ्या माझ्या समोर होत्या, आणि मला त्या पांढऱ्या ठिगळांसारख्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आम्ही सोवळ्यात शिरलो. तिथीच्या स्वयंपाकात चव बघायची नसते, वाससुद्धा घ्यायचा नाही. आधी ब्राह्मणांचं आणि पितरांचं, मग आपलं. म्हणजे जिभेचा आधारही गेला. एकेक डबा उघडायचा, मूठ घालायची, बंद करायचा. जमत होतं, पण वेळ जात होता आणि अकराला वाध्यार, म्हणजे भटजी, येणार होते. ताकाच्या कढीला लावायला तांदळाचं पीठ हवं होतं. कार्तिकेय सोवळं नेसून दारातच घुटमळत होता, म्हणून त्यालाच म्हटलं, "पीठ काढून दे रे." त्याने चिठ्ठी वाचून डबा दिला. मी घाईत, मूठ न घालता, दोन चमचे वाटीत काढून अक्कापुढे सरकवले. पाण्यात कालवायचं काम तिचं होतं.

तिची बोटं वाटीत गेली आणि थांबली.

"हे काय दिलंस?"

"तांदळाचं पीठ, आत्या," कार्तिकेय म्हणाला.

"नव्हे."

"अगं, वर लिहिलंय!"

"वर लिहिलेलं असेल. आत पीठ नाही."

दारातून लक्ष्मीप्रिया म्हणाली, "मी स्वतः भरलंय आत्या, खालच्या फळीवरच्या डब्यातून." कार्तिकेयच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं, त्यात गॅसची धग. तो वैतागला. त्याने डबा माझ्या तोंडासमोर धरला. "अम्मा, तूच वाच आणि सांग हिला. काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "तांदळाचं पीठ म्हणूनच लिहिलंय."

कार्तिकेय अगदी बारीक आवाजात म्हणाला, "अम्मा, चिठ्ठी माझ्या बाजूला आहे. तुझ्यासमोर डब्याची मागची बाजू आहे."

कढई तापत होती, ताक तसंच पडलं होतं, आणि मी त्या कोऱ्या डब्यासमोर उभी होते.

"ते नंतर," अक्का म्हणाली. तिचा आवाज असा लागला की सगळे हलले. "आधी हे पीठ बघ, कार्तिकेय." त्याने चिमूट घेतली, डोळ्यांजवळ नेली. "पांढरं आहे. पीठच आहे." "मुठीत घे रे, गाढवा! लहानपणापासून सांगतेय." त्याने मूठ भरली, दाबली आणि त्याचा चेहरा काय झाला ते मला दिसलं नाही, पण श्वास अडकलेला ऐकू आला. जड, गार, करकरीत. कोलमाची पूड. दगडाची. मी लाजेने खालच्या फळीवर लपवलेला डबा तो. तिथीच्या दिवशी दारापुढे कोलम काढत नाहीत, म्हणून कोणाला त्याची आठवणही झाली नव्हती. ती पूड कढीत गेली असती तर ह्यांच्या तिथीला ब्राह्मणांच्या दाताखाली खडे आले असते.

लक्ष्मीप्रिया रडायलाच लागली. "रडू नकोस ग," अक्का म्हणाली, "खरं पीठ शोध." ते सापडलं, चिठ्ठीवर 'मैदा' लिहिलेल्या डब्यात. आमच्या घरात मैदा येतच नाही!

तिथी नीट पार पडली. पानं वाढून झाली, सगळे जेवले. मग कार्तिकेय माझ्यासमोर बसला. "किती दिवस झाले?" मी सगळं सांगितलं. थेंबांची बाटलीही काढून दाखवली. आणि मग तो जे बोलणार हे मला ठाऊक होतं तेच बोलला. "दोघींना दिसत नाही, आणि दोघी एकट्या घरात? शेजारी गॅस? नाही अम्मा. आता नाही."

माझ्या आधी अक्का बोलली. "बरोबर बोलतोस. तिला घेऊन जा. तिथे मोठे डॉक्टर असतील. मी त्या होममध्ये जाते. मला काय, चार दिवसांत भिंती पाठ होतील."

असा राग मला आयुष्यात आला नव्हता. "गप्प बसा अक्का!" मी ओरडले. सदतीस वर्षांत तिच्यावर असा आवाज चढवला नव्हता. "चार दिवसांत म्हणे! काल मीठ सापडेना तेव्हा तुमचा हात कसा झाला होता, ते मला ह्या एवढ्याशा भोकातूनसुद्धा दिसलं! तुम्ही गेलात तर मला कोण शिकवणार? चौदाव्या मजल्यावर मी कोणाच्या मुठीने ओळखू? आणि तू रे, तुझ्या बापाला मी शब्द दिलाय. तू मला उचलून नेलंस तर मी जाईन, म्हातारी काय करणार? पण मग मी तिथे खरी आंधळी होईन, हे लक्षात ठेव!"

कार्तिकेय उठून परसात गेला. मला वाटलं, झालं, त्या होमला फोन करायला गेला. अक्काने माझा हात घट्ट धरला होता.

मग परसातून पत्र्याचा आवाज आला. खडखड, खणखण. अक्काने मान वर केली. "पोतं," ती म्हणाली. "साखरेचा डबा. आता मिठाची बाटली."

तो पोतं ओढत आत आला. सकाळच्या गडबडीत भंगारवाल्याला कोणी दारच उघडलं नव्हतं. "आत्या," तो म्हणाला, "हा वाकलेला कुठे ठेवायचा?" आवाज रडवेला होता.

"डावीकडून तिसरा. भिंतीला लावू नकोस, बोट जायला जागा ठेव."

संध्याकाळपर्यंत मायलेक, नवरा-बायको, सगळे तेच करत होते. लक्ष्मीप्रिया नव्या डब्यांच्या चिठ्ठ्या काढत होती आणि रडत-हसत होती. जाताना कार्तिकेय म्हणाला, "एक वर्ष बघू. तीन-तीन महिन्यांनी डॉक्टरकडे मी नेणार. राजम मामी सकाळ-संध्याकाळ डोकावणार." लक्ष्मीप्रिया म्हणाली, थेंबांसाठी ती दोन वेळा फोन करणार. करते हो, घड्याळ लावून करते. वर्षानंतर काय, ते मला माहीत नाही. बघू म्हणालाय, म्हणजे बघणारच तो.

ती दोघं गेली आणि घर शांत झालं. फारच शांत. अक्का बदललीच. ओरडणं नाही, टोमणा नाही. "हे घे ग वसू, हळू. पेला डाव्या हाताला आहे बघ." मला मेलीला असं गोड बोलून घ्यायची सवय नाही. आठ दिवस मी ते सोसलं. पाहुणीशी बोलल्यासारखं बोलायची माझ्याशी. मला वाटलं, डोळे गेले ते गेले, आता माझी नणंदही गेली.

नवव्या दिवशी सकाळी मी चिंचेची बरणी दोन्ही हातांनी उचलली, फळीवर नीट चाचपून भिंतीपासून चांगली तीन वीत लांब ठेवली, आणि परसाच्या पायरीवर जाऊन बसले. आत अक्काची पावलं आली. फळीवर हात गेला.

"वसूऽऽ! कोणी हलवली बरणी?"

"मी हलवली! काय करायचंय ते करा!" मी ओरडले.

आत भांडं आपटलं. "डोळे गेले तरी खोड काही जात नाही हिची! सदतीस वर्षं डोकं फोडून घेतेय मी! एक वीत म्हटलं की एक वीत, बोटं मोजता येत नाहीत का तुला?" ती थांबेना. मी पायरीवर बसून पदरात तोंड खुपसलं आणि ढसाढसा रडले, आणि आत ती मला मनसोक्त शिव्या घालत होती.